वास सोडून सांगा

चष्मेवालीला स्वतःला चष्मा नव्हता, आणि गिऱ्हाइकांना याचा फार राग यायचा. "तुमचे डोळे ठणठणीत आणि आमच्याच नाकावर ओझं," असं कोणीतरी रोज म्हणायचंच. ती न हसता त्याच नाकावर चाचणीची जड फ्रेम चढवायची आणि कामाला लागायची. गल्लीच्या तोंडाशी तिचं छोटंसं दुकान होतं. पुढे काचेचं कपाट, मागे पडदा, पडद्यामागे अक्षरांचा तक्ता. पोरवयात नंबर काढायला शिकली ती आता केस पांढरे व्हायला आले तरी त्याच स्टुलावर बसत होती, आणि तिला त्याचं काडीचंही दुःख नव्हतं.

तिची एक रीत होती. "काय दिसतंय?" असं ती कधी विचारायची नाही. तसं विचारलं की माणूस गडबडतो. डोळे बारीक करून अंदाज ठोकतो, नाहीतर "सगळं छान दिसतंय" म्हणून मोकळा होतो. आता छान दिसत असतं तर बाबा तू इथे आलास कशाला? पण खरं सांगायची लाज वाटते माणसाला. म्हणून ती एकामागून एक दोन काचा डोळ्यापुढे धरायची आणि म्हणायची, "हे बरं, की आधीचं?" दोनातलं एक सांगायला कोणालाच कमीपणा वाटत नाही. तरीही एखादा अडून बसलाच, तर ती म्हणायची, "इथे कोणी नापास होत नाही हो, निवांत बघा."

तिला एक थोरला भाऊ होता, दादा. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम करायचा. नाकासमोर चालणारा माणूस, आणि ते नाकही भलतं तिखट. पुस्तकं चिकटवायची खळ आंबायला लागली की कारखान्यात सगळ्यांच्या आधी त्याला कळायचं. गेल्या थंडीत त्याला ताप आला. ताप उतरला आणि वास गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, येईल, कदाचित नाहीही येणार. मग एके दिवशी दादानेच फोन करून जाहीर केलं की आला बुवा परत. सगळ्यांनी हुश्श केलं.

त्यानंतर तो एकदा बहिणीच्या दुकानात आला. कपाटात तिने सजावटीला फुलं ठेवली होती. दादा वाकला, डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि म्हणाला, "वा! काय घमघमाट सुटलाय!"

फुलं कागदाची होती. तिनेच आदल्या दिवशी कात्रीने कापली होती.

बोलायला हवं होतं, पण त्याचा तो मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा बघून तिने कपाटाचं दार हळूच लावून घेतलं.

मग वर्षअखेरीच्या सुट्टीच्या तोंडावर वहिनीचा फोन आला. "ताई, याल ना जेवायला? हे हल्ली टेबलाशी बसतच नाहीत हो. म्हणतात, मी आधीच जेवलो. मग उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकतात आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पडतात. विचारलं की म्हणतात सगळं छान आहे. मी एकटीच जेवते. माणूस घरात असून एकटी."

"येते," चष्मेवाली म्हणाली. दादाला वहिनीबरोबर टेबलाशी बसवायचं, याखेरीज त्या सुट्टीत तिला दुसरं काही नको होतं.

दादाला बिअरची आवड. पण चाखत प्यायचा, रविवारी एक ग्लास, तासभर पुरवून. म्हणून बाजारात एका दुकानावर "सुट्टीची भेट : युरोपातल्या बिअर, खोका तुमच्या मनासारखा भरा" ही पाटी दिसली तेव्हा ती थांबली. ती स्वतः असल्या गोष्टींना शिवत नसे. आत शिरताना तिने उगाच मागेपुढे बघितलं, जणू सगळी गल्ली तिच्या पाळतीवर होती.

दुकानदार गोल चेहऱ्याचा, बोलघेवडा गृहस्थ होता. आपल्या पोरांचं कौतुक सांगावं तसा तो एकेका बाटलीबद्दल सांगू लागला. "ही जर्मन, गव्हाची. ग्लासात ओतली की पिकल्या केळ्याचा वास, मागून लवंगेचा. ही बेल्जियमची, हिला संत्र्याच्या सालीचा वास. आणि ही बघा, ही नुसती उघडली तरी लाकडाच्या धुराचा असा काही वास..."

"वास सोडून सांगा," ती म्हणाली.

दुकानदाराचा हात बाटलीवरच राहिला. "अहो बाई, वास सोडला तर मग बिअरमध्ये उरतं काय?"

"तेच विचारायला आलेय. माझ्या भावाला वास येत नाही."

हे ती पहिल्यांदाच कोणापुढे मोठ्याने म्हणाली होती. एका अनोळखी माणसापुढे, बाटल्यांच्या गराड्यात. दुकानदाराने तिच्याकडे बघितलं, गव्हाची बाटली गुपचूप फळीवर परत ठेवली आणि चव बघायचे दोन छोटे पेले काढले. मग त्याने दोन बोटांनी स्वतःचं नाक घट्ट दाबलं. "दाक दाबा," तो नाकात बोलला. म्हणजे त्याला "नाक" म्हणायचं होतं.

तिनेही नाक दाबलं. दाराशी आलेलं एक जोडपं ते दृश्य बघून आल्या पावली परत गेलं, पण या दोघांना त्याचं काही नव्हतं. धुराची म्हणून नावाजलेली बिअर नाक बंद केल्यावर अगदीच पाणचट निघाली. दुकानदाराचाच चेहरा पडला. "इतकी वर्षं हिचं कौतुक करतोय मी," तो म्हणाला. आणखी दोन नावाजलेल्या बाटल्यांची तीच गत झाली. मग त्याने चेक पिल्सनर ओतली. ती जिभेच्या मागच्या भागावर अशी कडू लागली की चष्मेवालीने डोळेच मिटले.

"आता दुसरी द्या. हे बरं, की आधीचं?" तिने स्वतःलाच विचारलं, आणि मग दोघं तसेच पुढे सरकत गेले, दोन-दोन घोट करत. बेल्जियमची लॅम्बिक इतकी आंबट की कानशिलं आवळली. जर्मनीतली गोझे नावाची एक चक्क खारट. आयरिश स्टाउट दाट, सायीसारखी जिभेवर बसणारी. खोका भरला तेव्हा चष्मेवालीचे गाल लाल झाले होते आणि फुटपाथ किंचित डावीकडे कललाय असं तिला वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच चढली होती तिला, तीही नाक दाबून.

सुट्टीच्या दुपारी वहिनीने दारातच तिच्या हातातला खोका घेतला. दादा बाहेरच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसला होता. "अरे वा, छान," तो खोका न उघडताच म्हणाला. "तुम्ही बसा जेवायला. माझं झालंय."

"जेवू नकोस. चाखायला तरी ये," चष्मेवाली म्हणाली. धाकट्या बहिणीने आणलेली भेट नाकारता येईना, म्हणून तो आला आणि खुर्चीच्या कडेवर, कधीही उठायच्या तयारीने टेकला.

तिने त्याच्यापुढे दोन ग्लास ठेवले. त्याने पहिला उचलला, सवयीने नाकाशी नेला, आणि तिच्याकडे बघून घाईघाईने म्हणाला, "काय सुरेख वास आहे!" मग एक घोट. "छान." दुसऱ्याचा घोट. "छान."

"छान मी विचारलंच नाही. हे बरं, की आधीचं?"

"दोन्ही छान आहेत गं."

"दादा, इथे कोणी नापास होत नाही."

वहिनी टेबलावर वाट्या मांडायची थांबली. दादाने पुन्हा पहिला ग्लास घेतला, पुन्हा दुसरा. या वेळी नाकाशी नेला नाही. "हे," तो हळूच म्हणाला. "हे दुसरं. कडू आहे. लागतंय मला."

मग तिने खारट आणि आंबट पुढे केलं. आंबटाने दादाचं तोंड असं काही वेडंवाकडं झालं की वहिनीला हसू आवरेना. दादाही हसला. किती तरी महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी न ठरवता आलं होतं. तो हसता हसता थांबला आणि टेबलाकडे बघत म्हणाला, "मला वास येत नाही. आलाच नाही परत. मी थापा मारत होतो."

"माहीत आहे," वहिनी म्हणाली.

"तुला? कधीपासून?"

"दूध करपलं होतं त्या दिवशीपासून. अख्खा जिना खोकत होता आणि तुम्ही छान म्हणून आणखी मागून घेतलंत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला मला सांगायचं नव्हतं ना! मग मी कोणत्या तोंडाने विचारू?" हे ती जरा रागावूनच म्हणाली. मग आवाज उतरला. "पण जेवायला का नाही बसायचं माझ्याबरोबर?"

दादाने ग्लास बाजूला सारला. "तू एवढं रांधतेस आणि तोंडाकडे बघत बसतेस. तुझ्यासमोर रोज खोटं बोलवेना." थोडं थांबून तो म्हणाला, "आणि जेवणाचं तरी ठीक आहे. पूर्वी तू मागून आलीस तरी मला कळायचं. वळून न बघता. आता तू खोलीत असतेस आणि मला पत्ताच नसतो. दचकतो मी. आपल्याच बायकोला दचकतो."

चष्मेवालीला वाटलं आपण इथे नसतो तर बरं, म्हणून ती उगाच खोक्याचे पुठ्ठे सरळ करत बसली. वहिनीने पदराने डोळे पुसले, नाक ओढलं आणि ताटं आणायला आत गेली. आत बराच वेळ काही वाजलं नाही. दादा दाराकडे पाठ करून तसाच बसला होता.

मग वहिनीची पावलं आली, आणि उंबऱ्याशीच थांबली.

"आले हं," ती म्हणाली.

"ये," दादा म्हणाला, आणि शेजारची खुर्ची त्याने तिच्यासाठी मागे ओढली.