ओट्याला लिंबू चालत नाही

मायक्रोसिमेंटचं काम संपवून जाताना कारागिराने मला एक कागद दिला. काय चालतं ते त्यावर चार ओळींत होतं आणि काय चालत नाही ते पानभर. लिंबू, व्हिनेगर, चिंच, कोकम चालत नाही. ब्लीच नको, संडासाचं ॲसिड तर नकोच. तारेची घासणी नको. तापलेली कढई थेट टेकवायची नाही. हळद सांडली तर आधी टिपायची, पुसायची नाही, पुसली की पसरते. सौम्य साबणाचे दोन थेंब, कोमट पाणी, मऊ फडकं, आणि शेवटी कोरड्या फडक्याने सगळा ओलावा काढायचा. मी तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि दोन दिवसांत तोंडपाठ केला. तीस वर्षं ऑफिसात फाइली सांभाळल्या आहेत. लिहिलेलं पाळायची मला सवय आहे, आणि दुसऱ्याने पाळलं नाही तर माझं डोकं फिरतं.

बोरिवलीतली आमची जुनी बिल्डिंग पाडून नवी झाली तेव्हाची ही गोष्ट. जुन्या स्वयंपाकघरात ओट्यामागे पांढऱ्या टाइल्स होत्या आणि त्यांच्यातल्या फटी मी वर्षानुवर्षं जुन्या टूथब्रशने खरवडत आले होते. नव्या घरात मला एकही फट नको होती. ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडे मी तसा ओटा पाहिला होता. ओटा आणि भिंत एकसंध, राखाडी, हात फिरवला तर कुठे अडत नाही. नवऱ्याला नमुना दाखवला. त्याने बोट फिरवलं, नखाने टोकरून पाहिलं आणि म्हणाला, "हा तर कोबाच की गं. तुझ्या माहेरी आहे तसला." मी अर्धा दिवस त्याच्याशी बोलले नाही. बोलण्यात तथ्य होतं म्हणूनच राग आला असणार. सिमेंटचाच पातळ लेप तो, त्यावर चोळूनचोळून केलेला गुळगुळीतपणा, आणि सगळ्यात वर पाणी आत शिरू नये म्हणून दिलेला सीलरचा हात. आपण सांभाळायचा असतो तो हा वरचा हात. खालचं सिमेंट आपलं आपण टिकतं.

पहिला महिना मी त्या ओट्याला बाळंतिणीसारखं जपलं. ओलं भांडं टेकवलं नाही, चहाच्या कपाखालीसुद्धा रुमाल घातला. नवरा पाहुण्यांना सांगायचा की आमच्याकडे देवघराला शिवलं तरी चालतं, ओट्याला शिवायचं असेल तर आधी हिला विचारा. सगळे हसायचे. मीही हसायचे, पण विचारायला लावायचे.

मग आईला घरी आणलं. मी तिची एकुलती एक. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि ती गोराईत एकटी राहत होती, कोळीवाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात. चाळीस वर्षं तिने मासळी विकली. पहाटे धक्क्यावरून पाटी घ्यायची, बोट पकडायची आणि बोरिवलीच्या बाजारात बसायचं. त्याच पाटीच्या जिवावर मी शिकले, नोकरीला लागले, खाडीच्या अलीकडे घर केलं. एकदा ती धक्क्याच्या पायरीवर पडली, गुडघा गेला, आणि बाजार बंद झाला. तरी यायला तयार होईना. सहा महिने मागे लागले तेव्हा आली, दोन पिशव्या आणि मासे कापायची विळी घेऊन.

पहिले तीन महिने घरात सण असल्यासारखे गेले. मी ऑफिसातून यायचे तेव्हा जिन्यातच कालवणाचा वास यायचा. नवरा जेवताना बोलायचा बंद झाला होता, एवढं एकच सांगते. मी तिला ओट्याचे नियम समजावून सांगितले होते. तिने सगळं ऐकून घेतलं, ओट्यावर तळहात फिरवला आणि म्हणाली, "कोबाच हाय ना यो." पुन्हा तेच! मी म्हटलं, नाही, हा वेगळा असतो. तिने मान हलवली. समजलं असं मला वाटलं. तिला काय वाटलं ते मी विचारलं नाही.

तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या चौघीजणी माझ्याकडे जेवायला येणार होत्या. मी सामान आणायला गेले होते. आईने सुरमई कापली, धुतली, मुरवत ठेवली. मग जन्मभर जे करत आली ते केलं. लिंबू चिरलं, फोडींना मीठ लावलं आणि ओटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घासून काढला. पिळून झालेल्या दोन फोडी सिंकच्या कडेला उपड्या ठेवल्या, नंतर हात धुवायला. मी आले तेव्हा संध्याकाळचं ऊन खिडकीतून तिरकं ओट्यावर पडलं होतं आणि त्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. हात फिरला होता तिथे फिकट पट्टा, आणि फोडी उचलल्या त्या जागी दोन पांढरे गोल. साबण लावला, पुसलं, कोरडं केलं. पट्टा गेला, गोल तिथेच.

मी ओरडले नाही, ओरडले असते तर बरं झालं असतं. मी हळू आवाजात आणि अगदी स्पष्ट बोलले. "आये, हा ओटा आहे, बाजारातला पाट नाही."

ती विळी धूत होती. तिने नळ बंद केला. विळी पुसत म्हणाली, "तुजे घरान मानसं येतान. वास नको यायला, म्हनून."

एवढंच. मी शाळेत होते तेव्हा ती बाजारातून धावत घरी यायची आणि मला दुपारच्या शाळेत पाठवण्याआधी माझे हात लिंबाने चोळायची, बोटं चुरचुरेपर्यंत. वर्गात कुणी नाक मुरडू नये म्हणून. हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. आठवलं नाही. मला फक्त दोन गोल दिसत होते.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणी आल्या, सुरमईची वाहवा झाली, आणि डागांवर मी पोळ्यांचा डबा ठेवला होता. आई आतल्या खोलीत बसून राहिली. गुडघा दुखतोय म्हणाली.

त्यानंतर तिने ओट्याला हात लावला नाही. मासे कापायचे तर बाल्कनीत खाली पेपर पसरून बसायची, दुखरा गुडघा बाजूला लांब करून. पाणी प्यायचं असेल तर मला हाक मारायची, नाहीतर नवऱ्याला. महिन्याभरात मासेही थांबले. म्हणाली, वय झालं, पचत नाही. कोळणीच्या तोंडून हे ऐकलं आणि तरी मी वरणभात वाढला. नवरा एकदा म्हणाला, "अगं, तिला सांग ना, काही झालं नाही म्हणून." मी म्हटलं, झालंय ना पण. काही झालं नाही असं खोटं कशाला सांगू?

नारळी पुनवेला गावी जाते म्हणाली. मी तिला बोटीपर्यंत सोडलं. पिशव्या दोनच होत्या, पण विळी बरोबर होती, म्हणजे ती परत येणार नव्हती. मला ते दिसलं, तरी मी तिच्या पिशव्या बोटीत चढवल्या. बोट सुटताना ती ओरडून म्हणाली, "डाग गेला का सांग, मंग येन."

दर रविवारी मी फोन करायचे. जेवलीस का, गुडघा कसा आहे, औषध घेतेस ना. सगळं झालं की ती विचारायची, "डाग गेला का गो?" आणि मी सांगायचे, नाही. कारागिराला मी एकदाच फोन केला होता. तो कुठल्यातरी मोठ्या कामावर होता, नंतर बघतो म्हणाला, आणि मी पुन्हा केला नाही. वेळ नव्हता असं मी सांगत आले. खरं कारण वेगळं होतं. तो डाग मला तसाच हवा होता. कोण चुकलं याचा पुरावा होता तो. रोज सकाळी चहा ठेवताना मी तो बघायचे आणि माझं बरोबर होतं असं स्वतःला पटवायचे. असं पाच महिने चाललं.

जानेवारीत एका सकाळी गावातून शेजारच्या काकीचा फोन आला. आई अंगणात बसली होती, चहा हातात होता, आणि बसल्या बसल्याच गेली. मी पोचले तेव्हा लोक जमले होते. मला रडूही आलं नाही. कुणीतरी म्हणालं, पोरगी घट्ट मनाची आहे. मी घट्ट नव्हते, आतून सुन्न झाले होते.

तेराव्यानंतर नवऱ्याने कारागिराला बोलावलं. मला न विचारता. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर. ओट्यावर वाकला, बोट ओलं करून गोलांवर फिरवलं आणि म्हणाला, "ताई, एवढंच ना? वरचा हात गेलाय फक्त. आत काही नाही." बारीक पॉलिशपेपर काढला, तेवढाच भाग हलका घासला, पुसला, वाळू दिला आणि सीलरचे दोन हात मारले. दुपारच्या जेवणाआधी काम संपलं. हात धुताना सहज म्हणाला की दोन-तीन वर्षांनी हे असंही करावंच लागतं, सगळ्यांकडे करावं लागतं, तुम्ही पुन्हा फोन केला असता तर त्याच आठवड्यात झालं असतं. आठवडाभर पाणी साचू देऊ नका, म्हणाला. मी हो म्हटलं. तो गेल्यावर मी ओट्यावर हात फिरवला. कुठेच काही नव्हतं. मग मात्र मी खाली फरशीवर बसले आणि रडले. नवरा दाराशी उभा होता. तो आत आला नाही, आणि ते बरंच केलं.

मार्चमध्ये घर आवरायला गोराईला गेले. भांडी, पत्र्याची पेटी, वडिलांचा फोटो. चुलीशेजारची जाजमाची घडी उचलली आणि थांबले. खालच्या कोब्यावर पांढुरके गोल होते, लिंबाएवढे, एका ओळीत. मी मोजले, अकरा. प्रत्येक गोलाचा रंग जरा जरा वेगळा. एकावर राख घासल्यासारखी दिसत होती, एकावर निळसर काहीतरी वाळलं होतं, एक तेलकट होता.

शेजारची काकी दारात उभी होती. ती म्हणाली, "ती बसायची ना हितं. लिंबाची फोड ठेवायची दिवसभर, डाग पडस्तोवर. मंग यो लाव, तो लाव. राख लावली, टूथपेस्ट लावली, गवंड्याला इचारून काय काय लावलं. मी बोलले, येडी झालीस का. बोलली, पोरीचा ओटा खराब केला मी, काय लावलं तं जातो त्ये बघतंय."

मी खाली बसले. तेलकट गोल ओळीत शेवटचा होता आणि बाकीच्यांपेक्षा खरंच थोडा फिका होता. त्याच्याबद्दल मला आधीच माहीत होतं. डिसेंबरमधल्या एका रविवारी ती फोनवर घाईघाईने म्हणाली होती, "बाय, खोबरेल लावून बघ गो. जरा कमी व्हतं." आणि मी तिला म्हटलं होतं, "आये, तू आता त्या ओट्यात पडू नकोस." त्यावर ती बरं म्हणाली होती, आणि त्यानंतर तिने डागाचं कधीच विचारलं नाही.