टाकीला लावलेला कान

मिस्त्री गाडीची दुखणी कानाने ओळखायचे, हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. गाडी दारात आली की ते गिऱ्हाइकाचं काही ऐकून घ्यायचे नाहीत. हात वर करून सगळ्यांना गप्प बसवायचे, शेजारच्या वेल्डिंगवाल्यालासुद्धा, आणि बॉनेटखाली मान घालून उभे राहायचे. अर्ध्या मिनिटाने मान बाहेर यायची ती निकाल घेऊनच. "तिसरा प्लग." "पंख्याचं बेअरिंग." खोलून पाहावं तर तेच निघायचं. चाळीस वर्षांत एवढा लौकिक झाला होता, की मिस्त्रींनी मान आत घातली की रस्त्यावरची माणसं आपोआप हळू बोलायला लागायची. मिस्त्रींना याचा गर्व होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

त्याहून मोठा गर्व दुसऱ्या गोष्टीचा होता. चालता पार्ट त्यांनी कधी काढला नव्हता. "चांगला पार्ट काढून नवा बसवतो तो मिस्त्री नव्हे, पाकीटमार," असं ते छातीठोकपणे म्हणायचे. ज्यांच्याविषयी म्हणायचे त्यांच्या तोंडावरही म्हणायचे. त्यामुळे धंद्यातल्या लोकांत त्यांना मान होता, मित्र मात्र फारसे नव्हते.

एका सकाळी रोपवाटिकेच्या ताई आपली पिकअप दोरीने ओढून घेऊन आल्या. पिकअप सव्वीस वर्षांची. डावं दार फक्त बाहेरून उघडायचं, आणि पेट्रोलचा काटा टाकी भरा नाहीतर रिकामी करा, अर्ध्यावरून हलायचा नाही. ताई स्वतःच ती चालवायच्या आणि मागे भाजीपाल्याची कोवळी रोपं भरून गावोगाव पोचवायच्या.

"काका, वीस मिनिटं नीट चालते. मग चढ लागला की मान टाकते. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही!"

मिस्त्रींनी हात वर केला. ताई गप्प झाल्या.

या गाडीचा पेट्रोल पंप टाकीच्या आत असतो. चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी तो दोनेक सेकंद बारीक आवाजात गुणगुणतो. मिस्त्री पोत्यावर आडवे झाले, गाडीखाली सरकले आणि टाकीला कान लावला. "फिरवा चावी." काही नाही. "पुन्हा." पुन्हा काही नाही. त्यांनी फ्यूज पाहिला, तो शाबूत होता. करंट तपासायचा टेस्ट लॅम्प भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होता, पण कान असताना दिवा कुणाला लागतो?

"पंप गेलाय," मिस्त्री म्हणाले.

ताईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. दुसऱ्या दिवशी नवा पंप बसला. जुना त्यांना दाखवून मिस्त्रींनी फळीवर ठेवला आणि गाडी तुरुतुरु निघून गेली.

तिसऱ्या दिवशी ती परत दोरीला बांधून आली. त्याच चढावर बंद पडली होती. वर ऊन, मागे टोमॅटोची रोपं, आणि रोपांनी माना टाकल्या होत्या. ताई चिडल्या नव्हत्या, थकल्या होत्या. मिस्त्रींना ते जास्त लागलं. चिडलेल्या गिऱ्हाइकाशी भांडता तरी येतं.

ते पुन्हा टाकीखाली सरकले. कान लावला. चावी फिरली. शांतता. तीन दिवसांत नवा पंप मेला?

"नवाही गेला," ते खालूनच म्हणाले. "वाजतच नाही हो."

ताई गाडीतून उतरून खाली वाकल्या. त्यांचा चेहरा चाकाशेजारी दिसला.

"काका, वाजतोय की तो."

"काय?"

"पंप वाजतोय. मला सीटवर ऐकू येतंय." त्या थोडं थांबल्या. "जुनाही वाजत होता."

मिस्त्री तसेच उताणे पडून राहिले. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही ऐकत होतात ना! तुम्ही कान लावल्यावर मी काय सांगणार?"

मिस्त्रींनी कान बाजूला घेतला आणि त्या जागी तळहात ठेवला. "फिरवा." तळहाताखाली टाकीचा पत्रा दोन सेकंद थरथरला आणि थांबला. त्यांनी पुन्हा फिरवायला सांगितलं, तिसऱ्यांदाही सांगितलं. पंप जिवंत होता. जे गेलं होतं ते त्यांचं होतं, आणि कधी गेलं ते त्यांना कळलंही नव्हतं. गाडीखाली असल्यामुळे त्यांचा चेहरा कुणाला दिसला नाही हे बरं झालं, कारण ते घाबरले होते. या वयात हात थरथरले, गुडघे बोलायला लागले, ते सगळं त्यांनी हसण्यावारी नेलं होतं. पण कान म्हणजेच मिस्त्री होते.

बाहेर आले, हात पुसले आणि खिळ्यावरचा टेस्ट लॅम्प काढला.

त्याचा चिमटा पंपाच्या अर्थच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेला लावला आणि टोक करंट आणणाऱ्या तारेला टेकवलं. दिवा पेटला, पण मिणमिणता. मग लांब तार घेऊन चिमटा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावला. दिवा लख्ख पेटला. म्हणजे करंट येत होता, त्याला परत जायला वाट धड नव्हती. मिस्त्री अर्थची तार बोटाने चाचपत चॅसीवरच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरच्या बोल्टपर्यंत गेले. वरून काळा रंग छान चोपडलेला, आणि खाली नुसता गंज. तार तापली की पंपाला पुरेसा जोर मिळत नव्हता, चढावर पेट्रोल कमी पडायचं, थंड झाली की सगळं ठीक. नवा पंप बसवताना तार हलली, म्हणून दोन दिवस गाडी धावली, एवढंच.

त्यांनी बोल्ट काढला, काचकागदाने घासून लोखंड चकचकीत केलं आणि आवळून टाकला. ताईंना शेजारी बसवून स्वतः तो चढ दोनदा चढले. गाडी कुरकुरली नाही.

परत आल्यावर त्यांनी फळीवरचा जुना पंप काढला, बॅटरीला जोडला आणि तळहातावर धरला. तो थरथरला. त्यांनी तो ताईंच्या हातात दिला.

"हा चांगला होता. मी चांगला पार्ट काढला तुमचा. मला ऐकू येत नाही, ताई." एका दमात बोलून टाकलं, नाहीतर बोलले नसते. "हाच परत बसवतो. नव्याचे पैसे परत घ्या."

"राहू द्या की नवा, काका."

"नाही राहू देणार."

जुना पंप टाकीत गेला. ताईंनी चावी फिरवली आणि न विचारताच खिडकीतून ओरडल्या, "वाजतोय!" मिस्त्रींनी मान डोलावली.

संध्याकाळी घरी बायको भाजी निवडत होती. मिस्त्री समोर बसले.

"अगं, मला ऐकायला कमी येतं."

"दोन वर्षं झाली," ती भाजीवरून मान वर न करता मोठ्याने म्हणाली.

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"गॅरेज उभं आहे ना त्या कानावर! मी कशी बोलू? म्हटलं, आपण जरा मोठ्याने बोलू, काय बिघडतं?"

दोन वर्षं मिस्त्री या बाईसमोर चोरासारखे वावरत होते. ताट स्वतः उचलत होते, वाद टाळत होते, आपलं काय चुकलं ते आठवून पाहत होते.

"मला वाटायचं, तू चिडलीयस माझ्यावर."

तिच्या हातातली भाजी थांबली. "दोन वर्षं?"

"हो."

"अहो, वेडे आहात का तुम्ही," ती म्हणाली. पहिल्यांदाच हळू म्हणाली, आणि मिस्त्रींना ते तिच्या ओठांवरून कळलं.