माहेरच्या देवाचं तिकीट

कवठे महांकाळच्या पुढं सिद्धोबाचा माळ लागतो. गुडघाभर गवत, मधूनच उधळणारी हरणं आणि वर टेकावर सिद्धोबाचं ठाणं. धुळाच्या बापजाद्यांनी या माळावर मेंढरं राखली. पुढं माळ राखीव झाला, धुळानं मेंढरं विकली आणि साठीच्या आसपास तो त्याच माळाच्या फाटकावर राखणदार म्हणून बसला.

राखण म्हणजे डोक्याला ताप होता. लोक गवतात गाड्या घालायचे, बाटल्या फोडायचे, हरणांमागं मोटरसायकली पळवायचे. ओरडून ओरडून धुळाचा घसा बसायचा. म्हणून तिकीट लावायचं निघालं तेव्हा ग्रामसभेत सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच होता.

"लावा की तिकीट. गावच्याला फुकट, भायेरच्याला पैसं. आधार कारड बघायचं, पत्ता गावचा असला की सोडायचं," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या, ठराव झाला. सभेला एवढे शहाणे बसले होते, पण गावच्या लेकींच्या कार्डावर सासरचा पत्ता असतो हे एकाच्याही टाळक्यात आलं नाही. येणार कसं? आपली लेक बाहेरची, असं कुणी धरून चालत नाही.

चूक पहिल्यांदा उघडी पडली ती गावातल्याच गुंडा नावाच्या गड्याच्या लेकीपायी. ती जतहून नारळ फोडायला आली आणि धुळानं तिला तिकीट मागितलं. गुंडा भांडायला आला. धुळाला आतून पटत होतं, पण चार माणसांसमोर माघार घेईल तर तो धुळा कसला! "नियम म्हंजे नियम. उद्या माझी भन आली तरी तिकीट फाडीन," असं बोलून बसला. वनखात्याच्या साहेबांना मात्र त्यानं गुपचूप फोन केला. साहेब म्हणाले, ठराव तुमचाच, बदलायचा तर पुढच्या सभेत बदला.

सभा व्हायच्या आधीच हरणाबाई आली.

हरणाबाई धुळाची थोरली बहीण, इस्लामपूरकडं दिलेली. लग्नात बापानं तिला एक शेळी आंदण दिली होती. त्यांच्यात रीत अशी, की आंदणाच्या शेळीच्या वंशातली पाठ, म्हणजे तरणी शेळी, पहिल्यांदा व्याली की तिचं दूध लेकीनं स्वतःच्या हातानं माहेरच्या देवाला घालायचं. मग भावाच्या घरी जेवायचं, आणि भावानं दुधाची रिकामी चरवी धान्यानं भरून द्यायची. बाप गेला, आई गेली, पण हरणाबाईनं ही रीत कधी चुकवली नव्हती. धुळाच्या घरी सकाळपासून पुरण शिजत होतं.

एसटीतून उतरून ती चरवी सांभाळत फाटकाशी आली. चहाच्या टपरीवर गुंडा बसला होता. त्यानं कप खाली ठेवला आणि खुर्ची फाटकाकडं वळवली.

धुळा कोंडीत सापडला. सोडावं तर गुंडाच्या लेकीनं काय पाप केलं होतं? न सोडावं तर ही आक्का, जिनं त्याला कडेवर घेऊन हाच माळ तुडवला होता. त्यानं खिशातून पैसे काढून गल्ल्यात टाकले.

"कसलं पैसं टाकतुयास?" हरणाबाईनं विचारलं.

"तिकिटाचं. आता नियम झालाय, आक्का. सासरचा पत्ता असला की तिकीट लागतंय. मी भरलं, तू जा."

"नियम कुनी केला?"

धुळा गल्ल्याचं झाकण लावू लागला. टपरीवरून गुंडा म्हणाला, "त्यानंच केला, आक्का. सभेत उभं ऱ्हाऊन."

हरणाबाईनं भावाकडं बघितलं. मग कनवटीचं पाकीट काढून स्वतःचे पैसे फळीवर ठेवले. "तुझं काढ गल्ल्यातनं. तुझ्या पैशानं घातलेलं दूध माझं व्हत न्हाई."

धुळानं तिकिटाच्या यंत्रावर बोट दाबलं. चिठ्ठी निघाली. हरणाबाईला जेमतेम अक्षरं लागायची. तिनं ती डोळ्यांजवळ धरली आणि एकेक अक्षर लावत वाचलं, "भायेरचे... पाहुणे."

चिठ्ठी कनवटीला खोचून ती टेकाकडं चालू लागली. धुळाचं मग कशातच लक्ष लागेना. गाडीवाल्यांवर तो उगाच खेकसला, आणि गुंडाकडं बघायचं त्यानं टाळलं. मनातल्या मनात तो सभेतल्या त्या टाळ्यांना शिव्या घालत होता. सगळ्यांत जोरात स्वतःच्या जिभेला.

दुपार कलल्यावर ती खाली आली. दूध घालून झालं होतं. धुळा तिकिटाची खिडकी सोडून बाहेर आला आणि वाटेत उभा राहिला.

"चल आक्का, घरी. पोळ्या झाल्यात. चरवी दे हिकडं, जुंधळं काढून ठेवल्यात."

"न्हाई रं. पाचची गाडी हाय."

"आगं, न जेवता जातीस व्हय? कवा गेलीस अशी?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर धुळाला बरं वाटलं असतं.

"भायेरची मानसं देव बघून परत जात्यात, धुळा," ती म्हणाली, आणि रिकामी चरवी काखेत मारून फाट्याकडं चालायला लागली.