सुभेदार पोळ यांनी शिकवलेला श्वास

सुभेदार मारुतीराव पोळ यांची आणि माझी पहिली भेट साताऱ्यात एका चढावर झाली. मोठ्या दुष्काळानंतरचे ते वर्ष. सांगलीहून माझी बदली साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत झाली होती. दमा मला लहानपणापासूनचा. माहेर हळदीच्या पेठेजवळ, त्यामुळे हंगामात धुरळ्याने जीव नकोसा होई. साताऱ्याची हवा मानवेल म्हणून आनंदाने आले, तर शाळा नेमकी चढावर! तो चढ चढताना मला तीनदा थांबावे लागे.

असेच एकदा कुंपणाला धरून उभी होते. समोरून एक उंच, किंचित लंगडणारे गृहस्थ आले. अंगात खाकी स्वेटर, डोक्याला पांढरी टोपी. माझ्यापाशी थांबून ते म्हणाले,

“बाई, रागावू नका, पन तुमी श्वास नुसता घेताय. सोडत न्हाई. घागर आदीच भरलीया, वरनं वतून काय हुनार?”

मी चिडलेच. पण बोलायला दम नव्हता, म्हणून त्यांनी करून दाखवल्याप्रमाणे ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडला. पाच-सहा वेळा सोडल्यावर खांदे खाली आले. ते समाधानाने म्हणाले, “आता जावा. घंटा व्हईल.”

सुभेदारसाहेब मूळचे माण तालुक्यातले. पेन्शनीत आल्यावर आपल्या मुलींच्या शिक्षणासाठी साताऱ्याला राहिले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. आमच्या शाळेच्या मैदानावर ते रोज सकाळी सहा वाजता एकटेच एक संथ व्यायाम करीत. पाय खांद्यांइतके फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, आणि हात पाण्यातून चालल्यासारखे हळू वर जात, हळू खाली येत. मी त्यांच्या मागे उभी राहून तसेच करू लागले. शेजारणी आल्या, मग एक निवृत्त पोस्टमास्तर आले. वर्षभरात आम्ही अठराजण झालो.

आबांची शिकवण्याची तऱ्हा साधी. ‘जात्याचा खुंटा धरल्यागत फिरवा,’ ‘पाळन्यातलं लेकरू जागं हुनार न्हाई इतकं हळू,’ एवढ्या शब्दांत ते सगळे समजावीत. फायद्याविषयी मात्र फार जपून बोलत. मला तीन महिन्यांत चढावर एकदाच थांबावे लागू लागले, झोप लागू लागली, आणि वर्गात आवाज चढवण्याची माझी सवय कमी झाल्याचे तर मुलींनीच मला सांगितले. त्या उत्साहात मी दम्याच्या गोळ्या बंद केल्या. ते कळताच आबांनी मला रांगेतून बाहेर काढले.

“डाक्टरांनी सांगितल्याबिगर गोळी सोडायची न्हाई. ह्ये औशद न्हाई, सराव हाय. परत आसं केलंसा तर हितं यायचं न्हाई.”

पोस्टमास्तरांचा गुडघा काही बरा झाला नाही. पण तोल सावरू लागला आणि पडण्याची भीती गेली. आबा नव्या माणसाला त्यांच्याकडेच पाठवीत. “ह्यांना इचारा. गुडघा अजून दुखतोय, त्येबी सांगतील.”

या व्यायामाला चीगाँग म्हणतात, हे आबांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितले होते. बासष्टच्या चीन युद्धात ते नेफात, म्हणजे ईशान्य सीमेवर, पकडले गेले. कित्येक महिने कैदेत होते. थंडीने पायाची तीन बोटे गेली, छातीत कफ दाटला, झोप उडाली. छावणीत पाणी वाहणारा एक म्हातारा चिनी रोज पहाटे अंगणात हे हातवारे करी. आबांना खोकताना पाहून त्याने एकदा खुणेने बोलावले आणि उभे कसे राहायचे ते दाखवले. पुढे रोज दाखवू लागला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. नाव तेवढे दुभाष्याने सांगितले: ‘ची’ म्हणजे श्वास, प्राण, आणि ‘गाँग’ म्हणजे मेहनतीने केलेला सराव. सुटून परत आल्यावर फौजेत जी चौकशी झाली, तिच्यातही आबांनी हे लपवले नाही.

लपवले ते मी. मैदानाची परवानगी घेताना मी मुख्याध्यापिकाबाईंना ‘योगासने’ म्हणून सांगितले होते. आबांनाही सुचवले, “आबा, चीनचं नाव कशाला घ्यायचं? योगासनंच म्हणू या.”

आबा म्हणाले, “योगासनं थोर हाईत, पन ही ती न्हवंत. ज्यानं शिकीवलं, त्येचं नावच गिळायचं व्हय?”

माझ्या परवानगीची भानगड त्यांना ठाऊक नव्हती. आणि मी तो विषय पुन्हा काढला नाही.

आमच्यात अनसूयाबाई नावाच्या साठीच्या बाई येत. त्यांचा एकुलता एक मुलगा बाबू त्याच युद्धात गेला होता. एका सकाळी कुणीतरी सहज विचारले, “आबा, हा व्यायाम कुठला?” आबांनी सरळ सांगितले, “चीनचा.” अनसूयाबाईंचे हात तसेच हवेत थांबले.

“माज्या पोराला ज्येंनी मारलं, त्येंचंच ह्ये?” एवढे बोलून त्यांनी पायात चपला घातल्या आणि त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मैदानावर आम्ही तिघेच होतो. गावात बोलणी सुरू झाली. फौजेतला माणूस शत्रूचे गुण गातो, असेही कोणी म्हणाले. आबांनी त्या दिवशीचा सराव पुरा केला आणि मला म्हणाले, “बाई, माज्यासंगं चला. आक्कांच्या घरी जायचंय.”

अनसूयाबाईंनी दार उघडले, पण ‘या’ म्हणाल्या नाहीत. आबा उंबऱ्याबाहेरच टोपी हातात घेऊन उभे राहिले.

“आक्का, आदी सांगाय पायजे व्हतं. चुकलं माजं. तुमच्या घरचं दुक म्हाईत असून मी गप ऱ्हायलो.”

“मग आता कशाला आलायसा?”

“समदं सांगाय. माजी मानसं मारली ती चिन्यांनी. मला धरलं चिन्यांनी. आन मरत व्हतो तवा उभा केला त्यो म्हाताराबी चिनीच. त्यातलं एकच सांगितलं तर खोटं हुईल.”

अनसूयाबाईंचा दारावरचा हात खाली आला. मग बाईंनी विचारले, “तितं थंडी लय व्हती?”

“लय व्हती, आक्का.”

“माज्या बाबूला शेवटाला कोन भेटलं आसंल का वो, आसं?”

मला वाटले, आबा आता ‘हो’ म्हणतील. कोणीही म्हटले असते. आबा त्यांच्याकडे पाहत म्हणाले,

“ठावं न्हाई. व्हय म्हनलो तर तुमाला बरं वाटंल, पन मला ठावं न्हाई. भेटलं आसावं, आसं मातुर रोज वाटतं.”

अनसूयाबाई उंबऱ्यावर बसल्या आणि रडल्या. आबाही खाली पायरीवर बसले. अकरा वर्षे लोक आपल्याला बाबू किती शूर होता एवढेच सांगत आले, त्याला थंडी वाजली असेल हे कोणी बोललेच नाही, असे त्या मला पुढे म्हणाल्या. निघताना त्यांनी आम्हाला चहा दिला. सरावाचा विषय कोणीच काढला नाही.

त्याच दिवशी मी मुख्याध्यापिकाबाईंकडे जाऊन खरे काय ते सांगितले. त्या म्हणाल्या, “मैदान मी तेव्हाही दिलं असतं. खोटं सांगितलंत, याचंच वाईट वाटतं.” मैदान राहिले. बाईंचा विश्वास परत मिळवायला मला दोन वर्षे लागली. आबांनाही सांगितले. ते रागावले नाहीत. “आता छाती हलकी झाली न्हवं?” एवढेच म्हणाले.

पंधरा दिवसांनी अनसूयाबाई आल्या आणि शेवटच्या रांगेत उभ्या राहिल्या. सराव संपल्यावर त्यांनी विचारले, “त्या म्हाताऱ्याचं नाव काय व्हतं?”

“इचारायचंच ऱ्हायलं, आक्का. मी त्येला मराठीत काका म्हनायचो. त्यो ‘ओ’ द्यायचा.”

अनसूयाबाई हसल्या. त्यांना हसताना मी प्रथमच पाहिले. हळूहळू बाकीचे लोकही परतले, सगळे मात्र नाही. न आलेल्यांविषयी आबांनी कधी वावगा शब्द काढला नाही. “त्येंचं दुक त्येंच्यापाशी,” म्हणत.

आता मी पुन्हा सांगलीत आहे. आमच्या घराच्या अंगणात रोज सकाळी वीस-बावीस माणसे सरावाला जमतात. महिन्यातून एकदा आबा एस.टी.ने येतात, सगळ्यांचे गुडघे आणि खांदे तपासतात, आणि कोणी भाराभर स्तुती करू लागले की “चला, सरावाला लागा” म्हणून विषय संपवतात. हा लेखही त्यांना आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे.

आबांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून आम्ही त्यांचा सत्कार करायचे ठरवले आहे. त्यांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो, त्यांच्या लेकींना आणि आम्हा सर्वांना त्यांचा सहवास दीर्घकाळ लाभो, ही मनापासून प्रार्थना. सत्काराच्या दिवशी अनसूयाबाई त्यांना ओवाळणार आहेत. आरतीचे ताट त्यांनी स्वतःहून मागून घेतले आहे.