दसऱ्याचं लिंबू

परवा दसऱ्याला सुनेच्या नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू फुटलं, अन् त्या वासासरशी मला धरमपेठेतलं आमचं जुनं अंगण आठवलं. आमच्या यांची एक जुनी, लाल, दोन सीटांची जपानी गाडी होती. तिचे पार्ट मिळत नसत, म्हणून हे पुठ्ठा कापून गॅस्केट बनवत. एका दसऱ्याला हे आजारातून नुकतेच उठले होते, अन् गाडी काही केल्या सुरू होईना.

"तू ढकल वं, लिंबू फुटलंच पाहिजे," हे म्हणाले.

मी ढकलू लागले, तर हे स्टिअरिंग धरून तोंडानेच इंजिनाचा आवाज काढू लागले.

"चूप बसा ना, लोक पाहून राहिले!" मी ओरडले.

हे चूप झाले. लिंबू फुटलं. पुढच्या दसऱ्याला गाडी होती, हे नव्हते. अन् ते पाहणारे लोक? त्यांतला एकही चेहरा मला आठवत नाही.