साडूंबरोबर तोरेमोलिनोसला

माझ्या साडूंमुळे मी सुट्टीचा जेवढा धसका घेतला आहे तेवढा लीड्सच्या हॉस्पिटलातल्या वीस वर्षांच्या शिफ्टचाही घेतलेला नाही. मी तिथे एक्स-रे काढतो. दिवसभर लोकांना ‘श्वास रोखा, हलू नका’ असं सांगणं हे माझं काम, आणि वर्षातून एक आठवडा आपल्यालाही कुणी हलवू नये एवढीच माझी अपेक्षा. दोन हजार साल उलटलं, विमानं स्वस्त झाली, आणि आमच्या बायकांनी, म्हणजे दोघी सख्ख्या बहिणींनी, ठरवलं की दर जूनमध्ये दोन्ही कुटुंबांनी मिळून स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर तोरेमोलिनोसला जायचं. ऊन, वाळू, समुद्र, आणि खुर्ची. मी ताबडतोब हो म्हटलं. साडूही येणार आहेत याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

साडू माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. राहायला लंडनजवळच्या स्लाऊला, नोकरी तिथल्याच एका गोदामात. कुठली लॉरी किती वाजता कुठल्या दाराला लागणार आणि माल उतरवून किती मिनिटांत निघणार, याचं वेळापत्रक ते करत. एका लॉरीला चाळीस मिनिटं. हाच हिशोब त्यांनी स्पेनला लावला. किल्ला चाळीस मिनिटं, चर्च वीस, बाजार दहा (‘घ्यायचंय काय आपल्याला?’), आणि समुद्र शून्य, कारण समुद्र काय, बसमधून दिसतोच. पहिल्या संध्याकाळी आम्ही हॉटेलच्या लॉबीत जरा टेकलो, तर त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटातून एक कागद काढून माझ्यासमोर धरला. सोमवार रोंदा, मंगळवार ग्रानादा, बुधवार कोर्दोबा. गुरुवारी पुन्हा ग्रानादा, कारण मंगळवारी जे राहील ते गुरुवारी. सहलीच्या बसगाड्या सकाळी पावणेसातला हॉटेलसमोर येत. साडू पावणेसहाला माझं दार वाजवत. हातात चहाचा थर्मास, खांद्याला पिशवी, पिशवीत मेव्हणीने स्लाऊहून करून आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या. ‘डॉक्टर, उठलात का?’ मी डॉक्टर नाही, हे मी त्यांना पहिल्या दिवसापासून सांगत आलो. हॉस्पिटलात जातो तो डॉक्टर, या पलीकडे जायला त्यांच्याकडे वेळ नव्हता.

ग्रानादाचा अल्हाम्ब्रा हे त्यांचं आवडतं ठिकाण. तिथल्या राजवाड्यात शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते हे पाहून त्यांना गहिवरून आलं. ‘याला म्हणतात व्यवस्था!’ आत गेल्यावर मी एका नक्षीसमोर जरा रेंगाळलो, तर ते मनगट पुढे करून उभे. घाईत आम्ही हरवू नये म्हणून ते काळी छत्री उंच धरून चालत. त्यामुळे एकदा भलतंच झालं. दुसऱ्या एका बसमधून आलेली नऊ-दहा इंग्रज म्हातारी माणसं त्यांना गाईड समजून आमच्या मागून चालू लागली. साडूंच्या ते लक्षात आलं, पण थांबून खुलासा करण्यात दोन मिनिटं गेली असती. त्यांनी सरळ माहिती सांगायलाच सुरुवात केली. त्या मंडळींनी अख्खा अल्हाम्ब्रा अडतीस मिनिटांत पाहिला आणि बाहेर आल्यावर धापा टाकत टाळ्या वाजवल्या. रोंदाला दरीवरचा जुना पूल पाहून झाल्यावर मी बाकावर बसलो. ‘डॉक्टर, बसायला आलात का इथं?’ ते म्हणाले. ‘बसायला लीड्स आहे की.’

आता हा माणूस असा का पळतो, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणून कुणी काही बोलत नसे. साडू इंग्लंडला दोन वर्षांसाठी आले होते. त्याला तोवर वीस वर्षं उलटली होती. दर वर्षी ते पुढच्या वर्षी कायमचे परत जाणार असत, आणि जाण्याआधी युरोप बघून घ्यायचा असे. त्यांच्या माळ्यावर टीव्ही, मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर, सगळ्यांची मूळ खोकी जपून ठेवलेली होती, सामान बोटीने पाठवताना लागतील म्हणून. त्यातली निम्मी यंत्रं कधीच मोडून गेली होती. खोकी मात्र तयार होती. मेव्हणीने ब्रिटिश पासपोर्ट घेतला, मुलगी केतकी तर जन्मानेच ब्रिटिश. साडूंनी भारतीय पासपोर्ट सोडला नाही. सांगलीला त्यांची आई होती. ती दर रविवारी फोनवर विचारायची, ‘कधी येतोस?’ आणि हे सांगायचे, ‘पुढच्या वर्षी, नक्की.’ परत जाणाऱ्या माणसाने पासपोर्ट बदलून कसं चालेल?

म्हणून दर वर्षी ते स्पेनच्या व्हिसासाठी लंडनला पहाटेपासून रांगेत उभे राहत. नोकरीचं पत्र, बँकेचे कागद, हॉटेलचं बुकिंग, सगळं देत आणि एकदा आत शिरण्याचा व्हिसा घेऊन येत. मालागाच्या विमानतळावर आम्ही चौघं ब्रिटिश पासपोर्टवाले दोन मिनिटांत बाहेर पडत असू. साडू दुसऱ्या रांगेत. आम्ही पलीकडे एका खांबापाशी त्यांची वाट बघायचो, कधी पाऊण तास, कधी दीड. केतकी त्या खांबापाशीच मोठी झाली म्हणायला हरकत नाही. आधी आईला टेकून उभी असायची, मग कानात गाणी घालून. त्या दीड तासाचं उट्टं मग साडू रोंदात काढत.

त्यांची आई गेली, त्यानंतरच्या जूनचीही यादी आली. साडू परत जाण्याबद्दल पूर्वीसारखंच बोलत होते, फक्त जरा मोठ्याने. पुढच्या वर्षीच्या यादीत एक नवीन नाव होतं, जिब्राल्टर. केतकी तेव्हा सतरा वर्षांची होती.

‘तिथं काय आहे?’ मी दमून विचारलं.

‘अहो, तिथं आपलं राज्य आहे!’

‘आपलं म्हणजे कुणाचं?’

‘इंग्लंडचं हो! पौंड चालतात, फिश अँड चिप्स मिळतात, लाल टेलिफोन बूथ आहेत. दोन तास तरी घरी गेल्यासारखं वाटेल.’

बसने आम्हाला स्पेनच्या हद्दीत उतरवलं. तिथून पासपोर्ट दाखवून चालत पलीकडे जायचं. चौकीतला शिपाई कंटाळलेला होता. आमच्या बसमधल्या सगळ्यांना तो न बघताच हाताने पुढे ढकलत होता. साडूंनाही ढकललं. ते चार पावलं गेले आणि परत फिरले. आपला पासपोर्ट उघडून त्यांनी त्याच्यासमोर धरला आणि खुणेने शिक्का मागितला. शिक्क्यांचं त्यांना भारी प्रेम. शिपायाने पासपोर्ट पाहिला, यांच्याकडे पाहिलं, काहीतरी विचारलं. यांनी मान हलवली. त्याने खांदे उडवून शिक्का मारला. ‘बघा डॉक्टर,’ साडू तो मला दाखवत म्हणाले, ‘तुमच्या पासपोर्टात काय आहे? कोरी पानं!’

जिब्राल्टर आम्ही दोन तासांत संपवलं. माकडं झाली, बूथ झाले, चिप्स चालता चालता झाल्या. दुपारी एक वाजता परत चौकीपाशी आलो. आम्ही चौघं पलीकडे गेलो आणि साडूंना थांबवलं. या वेळी एक अधिकारी बाई होत्या, अगदी सभ्य. त्यांनी व्हिसावरचा एकचा आकडा दाखवला, मग मालागाचा शिक्का दाखवला, मग सकाळी साडूंनी मागून घेतलेला शिक्का दाखवला. एकदा आत आलात, सकाळी बाहेर पडलात, व्हिसा संपला. आता स्पेनमध्ये येता येणार नाही.

ही चूक साडूंच्या जातीच्या माणसाकडूनच व्हायची. नव्याने भारतातून आलेला माणूस प्रत्येक रेषेला घाबरतो, तो चौकीपासून लांबच राहिला असता. ब्रिटिश पासपोर्टवाल्याला रेषा दिसतच नाही. तेवीस वर्षं इंग्लंडात राहून भारतीय पासपोर्ट बाळगणारा माणूसच ‘आपलं राज्य’ म्हणून जिब्राल्टरमध्ये घुसतो. मेव्हणी चिडून रडायला लागली. ‘सांगत होते मी, पासपोर्ट बदला म्हणून हजारदा सांगत होते!’ साडू कठड्यापलीकडे छत्री घेऊन उभे होते. केतकी कठड्यापाशी गेली.

‘बाबा, तू काय बोलला त्यांना? सॉरी बोल ना.’

‘अगं, सॉरीचा प्रश्न नाही. येऊ देत नाहीत.’

‘आय नो.’ तिने कठड्याला धरलं. मग म्हणाली, ‘पण एव्हरी टाइम असाच होतं. आम्ही सगळे इकडे, तू तिकडे. मी लहान होती तेव्हापासून तुझा वाट बघते त्या पिलरजवळ. तू आमच्या लाइनमध्ये कधी येणार, बाबा?’

सवयीने साडूंच्या तोंडून ‘पुढच्या’ एवढा शब्द निघाला आणि तिथेच थांबला.

संध्याकाळी जिब्राल्टरहून लंडनला विमान होतं. इंग्लंडात राहायचा परवाना पासपोर्टात असल्यामुळे तिकडे जायला अडचण नव्हती. बायका-मुलीला बसने हॉटेलवर पाठवलं, आणि मी परत पलीकडे जाऊन साडूंसोबत विमानतळावर बसलो. आम्ही दोघं एका बाकावर दोन तास नुसते बसलो आहोत असं पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

‘डॉक्टर,’ बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ‘आई गेल्यापासून तिकडून मला कुणी विचारत नाही हो, कधी येतोस म्हणून. भाऊ फोन करतो, हवापाणी बोलतो, ठेवतो. आणि आज पोरीने विचारलं. तेच विचारलं.’

आत काय मोडलंय ते मला दिसतं, पण जोडायचं काम माझं नव्हे. मी पिशवीतली उरलेली पुरी काढून त्यांना दिली. त्यांनी ती सावकाश खाल्ली.

‘मी तिला काय सांगू?’ त्यांनी विचारलं.

‘खरं ते सांगा,’ मी म्हणालो. एवढंच मला सुचलं. तेव्हा मी दमलेलोही होतो.

त्या हिवाळ्यात साडूंनी नागरिकत्वाचा फॉर्म भरला. परीक्षेचा अभ्यास त्यांनी वेळापत्रक करून केला आणि चोवीसपैकी चोवीस बरोबर आले. समारंभ कौन्सिलच्या हॉलमध्ये होता. आम्ही लीड्सहून गेलो. शपथ घेताना सगळ्यांचा आवाज येत होता, साडूंचे फक्त ओठ हलत होते. केतकी त्यांच्या मागच्या रांगेत उभी राहून सगळी शपथ मोठ्याने म्हणत होती, तिला गरज नसताना. नंतर चहा-बिस्किटं झाली. साडू माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले, ‘झालं? एवढंच होतं?’ आणि पुढच्या शनिवारी त्यांनी माळ्यावरची खोकी उतरवून, फोडून, सपाट करून कौन्सिलच्या कचरा डेपोत नेऊन टाकली. तीन फेऱ्या झाल्या.

पुढच्या जूनमध्ये आम्ही पुन्हा तोरेमोलिनोसला गेलो. मालागाला पाचहीजण एका रांगेतून दोन मिनिटांत बाहेर पडलो. केतकीने त्यांच्या दंडाला धरलं होतं आणि ती सारखी हसत होती. त्या एका गोष्टीसाठी तरी सगळं बरोबर झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. संध्याकाळी लॉबीत मी साडूंच्या हाताकडे बघत राहिलो, पण कागद निघाला नाही. सकाळी साडेपाचला मला आपोआप जाग आली. पावणेसहा झाले, सहा झाले. दार वाजलं नाही. बायको म्हणाली, झोपा आता, हेच हवं होतं ना? हेच हवं होतं.

दहा वाजता ते मला किनाऱ्यावर सापडले. छत्रीखाली, खुर्चीत, पाय पसरून. मी शेजारची खुर्ची घेतली. पहिला दिवस असा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी रस्त्यावरून कोर्दोबाची बस गेली आणि साडूंनी मान वळवली नाही. तेव्हा मात्र मला राहवेना. ज्या माणसाला मी सात वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याला मी आपण होऊन म्हणालो, ‘अहो, सेव्हिल राहिलंय आपलं. उद्या जायचं का? लवकर उठून?’

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे फार मायेने पाहिलं.

‘जाऊ की, डॉक्टर, कधीतरी,’ ते म्हणाले. ‘आता आपण इथंच आहोत.’

आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले. ऊन छान होतं, वारा होता, मला कुणी उठवणार नव्हतं. मी त्यांच्या शेजारी दुपारपर्यंत जागा पडून राहिलो, आणि मला घरची फार आठवण आली. कुठल्या घरची, ते मात्र ठरवता येईना.