पखवाजाची कणीक

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय आवाज भरत नाही. गावोगाव फिरून भजनी मंडळांची वाद्यं मोबाइलवर उतरवायची आणि सैल झालेली ठाकठीक करून द्यायची, हा माझा म्हातारपणीचा उद्योग. ताण द्यायच्या चामडी वाद्या, हातोडी माझ्या पिशवीत असतात. कणीक मात्र ज्याच्या घरी जाईन त्याची.

कंधारजवळच्या एका गावात एक दादा पखवाज वाजवतात. हात असा की विचारू नका! पण त्यांचा मेहुणा, जो गातो, तो चारचौघांत म्हणायचा, "दाजींचा हात लई चांगला चालतो, पण भाव न्हाई." हे दादांना फार लागलेलं. मला म्हणाले, "आक्का, असं रेकॉर्ड करा की त्यात भाव दिसला पाहिजे."

आता मोबाइलमध्ये भावाचं बटण असतं का? म्हटलं, निदान आवाज तरी भरदार करू.

लाइट गेलेली. मीच अंधाऱ्या स्वयंपाकघरात शिरले, परातीतला कणकेचा गोळा उचलला आणि बाहेर आणून थापला. रंग जरा लालसर दिसला. म्हटलं, इकडचा गहूच तसा असंल.

भजन रंगलं. दादांना घाम आला. डाव्या हातानं त्यांनी डावा डोळा पुसला, आणि पाच मिनिटांत डोळ्यातून धारा! तरी हात थांबला नाही. मेहुण्यानं गाणं अर्धवट सोडलं आणि दाजींचे पायच धरले.

"दाजी, आज भाव आला!"

एवढ्यात आतून दादांच्या बायकोचा आवाज, "तिखटमिठाच्या पुऱ्यांची कणीक कुणी नेली गं?"

ती बाहेर आली, नवऱ्याचं तोंड बघून पदरानं डोळा पुसायला धावली. मेहुण्यानं बहिणीचा हात धरला, "ताई, पुसू नको, वाहू दे!"

मेहुणा रडतच चूळ भरायला रांजणाकडे गेला, तशी मी दादांच्या कानाशी लागले. "दादा, चूक माझी हाय. मिरचीची कणीक लागली. खरडून साधी लावते, परत वाजवा."

दादांनी एका डोळ्यानं मेहुण्याकडं पाहिलं. तो तिथूनच हात जोडून उभा होता.

"राहू द्या तीच," दादा हळूच म्हणाले. "उजवा डोळा हाय की अजून."